मॅकवर साइट उघडते, पण मॅकमधल्या विंडोजमध्ये नाही: तपास कुठून सुरू करायचा

हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की फोनवर समोरच्यानं "अरे, ते विंडोजमध्ये..." एवढं म्हटलं की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. साइट मॅकवर बनवलेली असते आणि लोकलहोस्टवर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावर, झकास चालत असते. मग पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन किंवा यूटीएम अशा, मॅकच्या आत दुसरं मशीन (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज सुरू करून एज ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला जातो आणि समोर पान येतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हे नेमकं ग्राहकाला दाखवायच्या आदल्या रात्री कळतं.

विंडोजमध्ये बघायची गरजच काय, असं विचारणारे भेटतात. मराठी साइट करणाऱ्यांना तरी ती आहे. फाँट ठरवून दिला नसेल तर मॅकवर देवनागरी मजकूर साधारण कोहिनूर देवनागरीत दिसतो आणि विंडोजवर निर्मला यूआयमध्ये. दोघांची उंची, जाडी, जोडाक्षरांची बांधणी वेगळी. मॅकवर नीट बसलेल्या मथळ्याची वेलांटी विंडोजवर वरून छाटली गेलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. आणि पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या कचेरीत साइट उघडली जाते ती विंडोजवरच.

एक सूचना आधीच: खाली पत्ते आणि आदेश देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे.

आधी लक्षणं नीट बघा

"उघडत नाही" या दोन शब्दांत निदान पाच वेगळे आजार लपलेले असतात. स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते वाचा. शक्यतो फोटोच काढून ठेवा.

- एंटर दाबताच, क्षणात "कनेक्शन नाकारलं" असा संदेश.
- गोल चक्र फिरत राहतं आणि बऱ्याच वेळानं "प्रतिसाद द्यायला फार वेळ लागला".
- "या नावाचा पत्ता सापडत नाही".
- काहीतरी उघडतं, पण ते तुमचं नसतं: कोरं पान, ४०३ (प्रवेश नाकारला), किंवा "होस्ट चालणार नाही" अशा अर्थाची ओळ.
- पान तुमचंच उघडतं, पण चित्रं नाहीत, रंग नाहीत, लॉगिन होत नाही, किंवा प्रमाणपत्राची लाल चेतावणी येते.

पहिल्या दोनांतला फरक ज्याला कळला त्याचा निम्मा वेळ वाचतो. तात्काळ नकार याचा अर्थ तुमची हाक कुठल्यातरी मशीनपर्यंत पोहोचली आणि त्या मशीननं सांगितलं की या पोर्टवर (मशीनच्या या क्रमांकाच्या दारावर) माझ्याकडे कोणी बसलेलं नाही. म्हणजे रस्ता ठीक आहे, दार चुकलंय किंवा दारामागे कोणी नाही. लांबलेलं मौन याचा अर्थ हाक बहुधा पोहोचलीच नाही, किंवा वाटेत फायरवॉलनं, म्हणजे नको ती कनेक्शनं अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं, गिळली. नकार आला असताना फायरवॉल बंद-चालू करत बसणारे आणि मौन असताना सर्व्हरची सेटिंगं उलथापालथ करणारे, दोघंही चुकीच्या खोलीत किल्ली शोधत असतात.

बिघाड नसलेला बिघाड

कधीकधी साइट उघडते, पण दोन मिनिटांनी, आणि विंडोज स्वतःच रखडत असतं. एम१ किंवा त्यापुढच्या मॅकवर यूटीएममध्ये "एम्युलेट" निवडून जुनं इंटेलसाठीचं विंडोज टाकलं की हे व्हायचंच. तिथे प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा भाषांतरित होत असते. उपाय एकच: "व्हर्च्युअलाइझ" निवडा आणि विंडोज ११ ची आर्म आवृत्ती घ्या. एज आणि क्रोम दोन्ही आर्मसाठी मिळतात, त्यामुळे साइट तपासायला काहीही अडत नाही. जुन्या लेखांत मायक्रोसॉफ्टच्या तयार, फुकट चाचणी-मशीनचे दुवे दिलेले असतात. ते आता मिळत नाहीत. इंटरनेट एक्सप्लोररही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. कोणाला तो हवाच असेल तर एजमधला आयई मोड आहे.

पहिली तपासणी: लोकलहोस्ट कोणाचा?

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, याचा अर्थ "मी स्वतः". मॅकवर टाकला तर मॅक, विंडोजमध्ये टाकला तर विंडोज. मॅकच्या पोटात असलं तरी ते विंडोज स्वतःला वेगळं मशीनच समजतं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं "माझ्या स्वयंपाकघरात" म्हटलं तर तो मालकाच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत नसतो, तसंच हे. विंडोजनं स्वतःच्या पोर्टवर बघितलं, तिथे कोणी नव्हतं, म्हणून तात्काळ नकार.

तेव्हा लोकलहोस्टच्या जागी मॅकचा पत्ता टाकायचा. तो कुठला, हे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, आणि इथे एक गमतीशीर घोळ आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग हा आदेश चालवला की "डीफॉल्ट गेटवे" (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) दिसतो, आणि लोक तोच मॅक समजतात. यूटीएमच्या सामायिक नेटवर्कमध्ये (विंडोज मॅकच्याच नेटमधून बाहेर जातं तेव्हा) ते खरं ठरतं. गेटवे बहुधा १९२.१६८.६४.१ असतो आणि तोच मॅक. पॅरलल्सच्या सामायिक नेटवर्कमध्ये मात्र गेटवे १०.२११.५५.१, पण मॅक १०.२११.५५.२. फ्यूजनमध्ये बरोबर उलट: गेटवेच्या शेवटी २ आणि मॅकच्या शेवटी १. या एक-दोनच्या अदलाबदलीनं माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये होस्टसाठी १०.०.२.२ असतो, पण नव्या आवृत्त्यांत तो रस्ता सेटिंगनं बंद असू शकतो.

हे लक्षात ठेवायचं नसेल तर मॅकचा वाय-फायवरचा पत्ता वापरा. ऑप्शन बटण दाबून मेन्यू बारमधल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की तो दिसतो. वाय-फाय बदललं की हा पत्ताही बदलतो, एवढं ध्यानात ठेवा. काल घरी चाललेलं आज ऑफिसात का चालत नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

दुसरी: मॅकवरच, पण आयपीनं (आकड्यांच्या पत्त्यानं)

विंडोजला क्षणभर विसरा. मॅकवरच्या सफारीत लोकलहोस्टऐवजी मॅकचा वाय-फाय पत्ता आणि पोर्ट टाका.

उघडलं, तर सर्व्हर बाहेरच्यांसाठीही दार उघडून बसलाय. नाही उघडलं, तर दोष विंडोजचा नाहीच. सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर कान लावून बसलाय आणि दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावरून आलेली हाक ऐकत नाही. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच संपतात.

हे मुद्दाम केलेलं असतं. चाचणीचा सर्व्हर वाय-फायवरच्या प्रत्येकाला दिसू नये म्हणून व्हीट, जँगो वगैरे साइट बनवायची साधनं सुरुवातीला फक्त स्वतःच्या मशीनपुरते ऐकतात. व्हीट तर सुरू होताना टर्मिनलमध्ये सांगतं की नेटवर्कवर दाखवायचं असेल तर दोन डॅश आणि होस्ट हा पर्याय द्या. ती ओळ कोणी वाचत नाही. जँगोमध्ये रनसर्व्हरच्या पुढे ०.०.०.०:८००० लिहायचं, रेल्समध्ये बाइंडचा पर्याय, पीएचपीच्या अंगच्या सर्व्हरला लोकलहोस्टऐवजी ०.०.०.०. डॉकर वापरत असाल तर कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी कोणी १२७.०.०.१ लिहून ठेवलंय का ते पाहा.

०.०.०.० म्हणजे "या मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक". ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता तो नव्हे. आणि कॅफेत किंवा को-वर्किंगच्या सामायिक वाय-फायवर बसून हे करू नका. जँगोचं डीबग पान तुमच्या कोडचे तुकडे आणि सेटिंगं शेजारच्या टेबलावर उघडी करतं. काम झालं की परत आधीसारखं करा.

तिसरी: खिशातला फोन

फोन त्याच वाय-फायवर आणा, मोबाइल डेटा बंद करा आणि मॅकचा वाय-फाय पत्ता त्यात उघडा. फोनवर उघडलं आणि विंडोजमध्ये नाही, तर गोंधळ व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्कमध्ये आहे. दोन्हीकडे नाही, पण मॅकवर आयपीनं उघडतं, तर मॅकची फायरवॉल किंवा व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं सॉफ्टवेअर). मी हल्ली फोनवर मदत करताना बाकी काही विचारायच्या आधी हेच करायला सांगतो. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर मात्र ही चाचणी ग्राह्य धरू नका. तिथे राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाही, असं पुष्कळदा असतं.

चौथी: पोर्ट ५००० आहे का?

कोरं पान किंवा ४०३ येत असेल आणि तुमचा पोर्ट ५००० असेल, तर तुम्ही तुमच्या साइटशी नव्हे, एअरप्लेशी (अॅपलच्या, चित्र-आवाज एका पडद्यावरून दुसऱ्यावर पाठवायच्या सोयीशी) बोलताय. २०२१ च्या मॉंटरेपासून मॅकचा एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० हे पोर्ट धरून बसतो. साइट बनवायच्या फ्लास्क या साधनाचा ठरलेला पोर्टही ५०००. मॅकवर १२७.०.०.१ टाकलं तर साइट दिसू शकते, कारण तिथे फ्लास्क उत्तर देतो. बाहेरून आलेल्याला एअरप्ले भेटतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये एअरप्ले रिसीव्हर बंद करा किंवा सरळ ५००१ घ्या. मी दुसरं करतो, कारण पहिलं केल्यावर कोणाला तरी टीव्हीवर काही दाखवायचं असतं आणि नवीन तक्रार सुरू होते.

पाचवी: फायरवॉल आणि व्हीपीएन

आता मौनाच्या प्रकरणांकडे. सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल. "येणारी सगळी कनेक्शनं अडवा" सुरू असेल तर बाकी काही बघायची गरज नाही. ते नसेल तर यादीत नोड, पायथन किंवा तुमचा जो सर्व्हर असेल तो अडवलेल्यांत आहे का बघा. पहिल्यांदा सुरू करताना "परवानगी द्यायची का" ही खिडकी येते आणि घाईत नको म्हटलं जातं. महिनाभरानं ते कोणालाच आठवत नाही.

पिंगवर (समोरचं मशीन जागं आहे का विचारणाऱ्या आदेशावर) विश्वास ठेवू नका. फायरवॉलचा स्टेल्थ मोड सुरू असेल तर मॅक पिंगला उत्तरच देत नाही, पण साइट व्यवस्थित उघडू शकते. पिंग गेलं नाही म्हणून नेटवर्क तुटलंय असं ठरवून लोक विंडोज पुन्हा टाकायला बसलेले मी पाहिलेत.

व्हीपीएन असेल तर ते बंद करून विंडोजचं व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा. नुसतं झोपवून उठवू नका. काही व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्या बोगद्यात ओढतात आणि मॅक व विंडोज यांच्यामधला आतला रस्ताही त्यात बुजतो.

इथे पहिली लक्ष्मणरेषा. मॅक कंपनीचा असेल आणि फायरवॉलचं बटण फिकट दिसत असेल, किंवा व्हीपीएन बंद करायची परवानगी नसेल, तर थांबा आणि आयटीला सांगा. तो बंदोबस्त कोणीतरी मुद्दाम केलेला आहे.

सहावी: नावांचा घोळ

"पत्ता सापडत नाही" हा संदेश आला तर तुम्ही बहुधा साइटला नाव दिलंय, समजा दुकान डॉट टेस्ट, आणि ते मॅकच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाचा पत्ता कोणता, हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलंय. विंडोज ती फाइल वाचत नाही. त्याची स्वतःची आहे: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या आत. नोटपॅड प्रशासक म्हणून उघडा, त्यात ही फाइल उघडा आणि मॅकचा पत्ता व नाव एका ओळीत लिहा. जतन करताना तिला टीएक्सटी हे शेपूट लागलं तर विंडोज तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. फाइलची शेपटं दाखवायचा पर्याय सुरू करून खात्री करा.

आणि नावाच्या शेवटी डॉट डेव्ह ठेवलं असेल तर बदला. ते खरं, विकलं जाणारं डोमेन आहे आणि ब्राउझर त्याला सक्तीनं एचटीटीपीएसकडे नेतात. डॉट टेस्ट हे चाचणीसाठीच राखून ठेवलेलं आहे.

सातवी: पान उघडतं, पण अर्धमेलं

हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण इथे नेटवर्क निर्दोष असतं आणि सगळे नेटवर्कलाच शिव्या देत असतात.

वर्डप्रेस घ्या. विंडोजमध्ये १०.२११.५५.२ टाकलं, एंटर दाबलं, आणि पत्त्याच्या पट्टीत पुन्हा लोकलहोस्ट उमटलं. वर्डप्रेस आपला पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं आणि पाहुण्याला तिकडेच पाठवतं. डेटाबेसला हात लावू नका. चाचणीपुरते कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी होम आणि डब्ल्यूपी साइटयूआरएल हे दोन स्थिरांक टाका, म्हणजे नंतर ते काढणं सोपं. एवढं करूनही उडी लोकलहोस्टवरच जात असेल तर ब्राउझरनं जुनं पुनर्निर्देशन लक्षात ठेवलंय. खाजगी खिडकीत उघडून बघा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला लोकलहोस्ट:८००० असा एपीआयचा, म्हणजे पानाला माहिती पुरवणाऱ्या सेवेचा, पत्ता. पान मॅकवरून येतं, पण ते चालतं विंडोजमधल्या ब्राउझरमध्ये, आणि तिथून लोकलहोस्ट म्हणजे पुन्हा विंडोज. एफ१२ दाबून नेटवर्कची यादी बघा; लाल ओळींत लोकलहोस्ट दिसलं की चोर सापडला. जँगो ४०० (चुकीची विनंती) देत असेल तर अलाउड होस्ट्स या सेटिंगमध्ये मॅकचा पत्ता घाला.

तिसरा प्रकार सहज ध्यानात येत नाही. कॅमेरा, स्थान, सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट), क्लिपबोर्ड हे सगळं मॅकवर चालतं आणि विंडोजमध्ये गप्प बसतं. कारण विंडोज नव्हे, पत्ता आहे. ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतो, साध्या एचटीटीपीवरच्या आयपीला मानत नाही. यावर माझा आवडता उपाय विंडोजच्या नेटएसएच आदेशातला पोर्टप्रॉक्सी. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमधून सांगायचं की १२७.०.०.१ च्या ३००० वर जे येईल ते १०.२११.५५.२ च्या ३००० कडे दे. मग विंडोजमध्येही लोकलहोस्ट:३००० टाकता येतं, ब्राउझर त्याला सुरक्षित मानतो, आणि मघाचे वर्डप्रेस व एपीआयचे घोळही पोर्ट तोच ठेवला तर परस्पर मिटतात. हा नियम विंडोज बंद करून सुरू केलं तरी टिकतो, म्हणून कुठेतरी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच पोर्टवर विंडोजमध्ये दुसरं काही चालवाल आणि डोकं धराल.

लाल चेतावणीचं म्हणाल, तर एमकेसर्ट या साधनानं चाचणीसाठी बनवलेलं प्रमाणपत्र मॅकला ओळखीचं असतं, विंडोजला परकं. एमकेसर्टची मूळ प्रमाणपत्राची फाइल विंडोजमध्ये विश्वासू म्हणून बसवा. तिच्याच शेजारी किल्लीची फाइल असते. ती कुठेही पाठवायची नाही, मदत करणाऱ्यालाही नाही. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या मशीनला पटेल असं कुठल्याही साइटचं प्रमाणपत्र बनवू शकतो.

आठवी, आणि शेवटची: नेटवर्कचा प्रकार बदलणं

फोनवर उघडतं, विंडोजमध्ये नाही, आणि व्हीपीएनही नाही, तरच इथे या. व्हर्च्युअल मशीनची आधी स्नॅपशॉट (आत्ताच्या अवस्थेची नोंद) घ्या. मग नेटवर्क सामायिकऐवजी ब्रिज्ड करा. आता विंडोज तुमच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेईल आणि घरातल्या वेगळ्या लॅपटॉपसारखं वागेल. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर हे विचारल्याशिवाय करू नका. अनोळखी उपकरण दिसलं म्हणून तिथले लोक पोर्टच बंद करू शकतात. तरीही हललं नाही तर व्हर्च्युअल मशीनमधलं नेटवर्क कार्ड काढून नव्यानं जोडा. विंडोज नव्यानं टाकायची वेळ माझ्यावर आजवर एकदाच आली, आणि तेव्हाही दोष विंडोजचा नव्हता हे मागाहून कळलं.

कधी हात टेकायचे

आठव्या तपासणीनंतरही अडलं असेल, किंवा पुढची पायरी म्हणून कोणी मॅकचं सिस्टिम संरक्षण बंद करायला, फायरवॉल कायमची काढायला किंवा चालू असलेल्या खऱ्या साइटच्या सर्व्हरवर बदल करायला सांगत असेल, तर थांबा. साइट पैशांचे व्यवहार करत असेल तर प्रमाणपत्रांच्या भानगडीत एकट्यानं पडू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा.

उद्या सकाळी साइट दाखवायची असेल आणि रात्रीचे अकरा वाजले असतील, तर दुरुस्ती बाजूला ठेवून शेजाऱ्याचा विंडोज लॅपटॉप मागा आणि आपल्या वाय-फायवर आणा. तोही नसेल तर खऱ्या ब्राउझरवर दूरून चाचणी करू देणाऱ्या सेवा आहेत. त्यांतली ब्राउझरस्टॅक २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली, आणि तिच्यातून तुमच्या मॅकवरचा लोकलहोस्टही बघता येतो. ग्राहकाची गोपनीय माहिती साइटवर असेल तर मात्र ती बाहेरच्या सेवेतून दाखवण्याआधी त्यांना विचारा.

तज्ज्ञाला फोन कराल तेव्हा चार गोष्टी हाताशी ठेवा: बिघाडाच्या संदेशाचा फोटो, तो लगेच आला की थांबून, मॅकवर आयपीनं साइट उघडते का, आणि फोनवर उघडते का.